लाल बटण दाबायच्या आधी

गेल्या जूनमधली गोष्ट. नाशिकच्या सिडकोत आमचा टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, छोटा क्लास आहे. येणाऱ्या पोरांतली निम्मी अंबड नाहीतर सातपूरला कामाला, त्यामुळे पाळी बदलली की कुणाचा ना कुणाचा तास बुडतो आणि मग “सर, ते जीएसटीचं बिल परत एकदा दाखवा ना” सुरू होतं. म्हटलं, पडद्यावर करून दाखवतो ते एकदाच नीट रेकॉर्ड करून ठेवू. ४७ मिनिटं जीव तोडून बोललो. शेवटच्या उदाहरणाला आलो आणि बाहेर पावसाची पहिली मोठी सर आली, लाइट गेली, पीसी बंद. यूपीएसची बॅटरी कधीची मेलेली होती. ती बदलायची राहिली ही माझीच कंजुषी. लाइट आल्यावर फोल्डर उघडला. फाइल होती, चांगली ६०० एमबीची होती. फक्त ती चालत नव्हती.

ही फाइल का मेली, ते पुढे सांगतो. त्या निमित्ताने लक्षात आलं ते असं, की स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये बटण दाबणं हे सगळ्यात सोपं काम आहे. जे बिघडतं ते बटण दाबायच्या आधीच बिघडलेलं असतं आणि नंतर बहुतेक वेळा सुधारता येत नाही. माझी मावशी गणिताची निवृत्त शिक्षिका, इंदिरानगरला राहते. तिला दहावीची भूमिती रेकॉर्ड करायची होती. तिचा पहिला प्रश्नच होता, “अरे, लाल बटण दाबलं की झालं ना?” हा लेख तिला दिलेलं उत्तर आहे, जरा लांबलेलं.

आधी मुळात होतं काय ते बघू. दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकचे. पहिला मोठा चित्रपट काढण्याआधी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून त्याची वाढ रोज थोडी थोडी टिपली होती. ती चित्रं सलग दाखवली की पडद्यावर रोप भराभर उगवताना दिसे. स्क्रीन रेकॉर्डरही हेच करतो, फक्त दिवसाला एक नाही तर सेकंदाला ३० चित्रं घेतो. या एकेका चित्राला फ्रेम म्हणतात. आता हिशेब करा. फुल एचडी पडदा म्हणजे १९२० गुणिले १०८० ठिपके, म्हणजे जवळपास पावणेएकवीस लाख. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला तीन बाइट लागतात. एक चित्र ६२ लाख बाइटचं, आणि अशी सेकंदाला ३०. सेकंदाला सुमारे १८७ एमबी झाले. एका तासाला ६७० जीबीच्या वर! माझ्या पीसीत तेवढी डिस्कच नाही.

मग ४७ मिनिटं ६०० एमबीत कशी मावली? कारण रेकॉर्डर प्रत्येक चित्र पूर्ण लिहीतच नाही. मधूनमधून एक चित्र पूर्ण लिहितो, त्याला कीफ्रेम म्हणतात, आणि दोन कीफ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढंच नोंदवतो. असं चित्र दाबून लहान करण्याचं सर्वांत रुळलेलं तंत्र म्हणजे एच.२६४, २००३ सालचं. टॅलीच्या पडद्यावर बदलतं काय? कर्सर सरकतो, एखादा आकडा उमटतो. बाकी पडदा तसाच. उलट, गोदेला पूर आला की दुतोंड्या मारुतीला पाणी कुठपर्यंत लागलं याचे व्हिडिओ आपण मोबाइलवर काढतो. तिथे पाण्याचा थेंबन् थेंब हलत असतो, म्हणून दोन मिनिटांची फाइलसुद्धा जड होते. स्क्रीनचं रेकॉर्डिंग त्या मानाने हलकं. म्हणून फाइल मोठी होईल या भीतीने दर्जा खाली ओढू नका. अक्षरं फुटली तर धडा कितीही चांगला असो, पोरं बघत नाहीत.

साधनं कोणती? काही तुमच्याकडे आधीच आहेत. विंडोज ११ मध्ये स्निपिंग टूल उघडा किंवा विंडोज-शिफ्ट-आर दाबा, पडद्याचा हवा तेवढा भाग निवडा, झालं. विंडोज १० वर विंडोज-जी दाबून गेम बार येतो. मात्र तो एकाच प्रोग्रॅमची खिडकी धरतो, डेस्कटॉप किंवा फोल्डर दाखवायचे असतील तर रुसून बसतो. मॅकवर २०१८ पासून कमांड-शिफ्ट-५ आहे, पण तो कॉम्प्युटरच्या आतला आवाज घेत नाही, फक्त माइक घेतो. लिनक्सवर ग्नोम हा डेस्कटॉप असेल तर प्रिंट स्क्रीनच्या बटणावर रेकॉर्डिंगची सोय मिळते, तिथे मात्र आवाजच नाही. एखाद्या मित्राला दोन मिनिटांत काही दाखवायचं असेल तर एवढं पुरे. पण रोजचं काम असेल, माइक आणि कॉम्प्युटरचा आवाज दोन्ही हवे असतील, कोपऱ्यात स्वतःचा चेहरा हवा असेल, तर मी ओबीएस स्टुडिओच सांगतो. सगळ्यांना तेच सांगतो, आणि त्याबद्दल घरात माझी थट्टाही होते.

इथे एक शब्दांचा घोळ सोडवायला हवा. ‘फ्री स्क्रीन रेकॉर्डर’ असं शोधलंत की ढिगाने सॉफ्टवेअर येतात. बरीचशी फुकट असतात ती पाच-दहा मिनिटांपुरती. मग व्हिडिओच्या मधोमध कंपनीचं नाव उमटतं आणि ते काढायचं तर पैसे भरा. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द आहे, मराठीत सुदैवाने दोन आहेत: फुकट आणि मुक्त. नाशिककरांना तर ‘मुक्त’चा अर्थ वेगळा सांगायला नको. १९८९ साली स्थापन झालेलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आपल्या गंगापूर धरणाच्या बाजूलाच आहे. तिथे फी लागते, पण दार सगळ्यांना उघडं असतं. मुक्त ते दार. सॉफ्टवेअरमध्येही तसंच. अमेरिकन प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली सगळ्यांना खुली अशी ऑपरेटिंग सिस्टिम बनवायचा ग्नू प्रकल्प जाहीर केला तेव्हापासून मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे जे हव्या त्या कामाला वापरता येतं, आतून कसं चालतं ते वाचता येतं, दुसऱ्याला देता येतं आणि सुधारताही येतं, असं सॉफ्टवेअर. ओबीएस अशा परवान्याखाली आहे. २०१२ साली ह्यू बेली यांनी ते लिहायला घेतलं, आता जगभरातली माणसं त्यात भर घालतात. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हीवर चालतं. वेळेची मर्यादा नाही, मधोमध नाव नाही. आणि ते फुकटही आहे, हा वरचा नफा. फक्त उतरवून घेताना ओबीएसप्रोजेक्ट डॉट कॉम या मूळ साइटवरूनच घ्या. शोधात वर येणाऱ्या जाहिरातींच्या साइटवरून घेतलंत तर सोबत काय काय येईल याचा नेम नाही.

ओबीएस पहिल्यांदा उघडलं की माणूस गांगरतो. मावशी म्हणाली, “हे विमानाचं कॉकपिट आहे की काय?” खाली डावीकडे दोन चौकोन दिसतात, सीन आणि सोर्स. कालिदास कलामंदिरात नाटक बघताना प्रवेश बदलतो तसं समजा. एक प्रवेश म्हणजे एक सीन. त्या प्रवेशात रंगमंचावर काय काय मांडलंय ते सोर्स: पडदा, एखादी खिडकी, कॅमेरा, एखादं चित्र. सोर्सच्या यादीत जो वर असतो तो खालच्यांना झाकतो, म्हणून चेहऱ्याचा कॅमेरा दिसत नसेल तर घाबरू नका, तो बहुधा मागे उभा असतो; त्याला यादीत वर ओढा. मावशीचे दोनच सीन आहेत. एकात जिओजेब्राची खिडकी आणि कोपऱ्यात ती, दुसऱ्यात नुसती ती, सुरुवातीला आणि शेवटी बोलायला. जिओजेब्रात वर्तुळ, स्पर्शिका काढता येतात, बिंदू ओढला की आकृती हलते. भूमितीला याहून चांगलं काही नाही, पण तो वेगळा विषय.

पडदा धरताना चित्र काळंच येतं, ही तक्रार मी सगळ्यात जास्त वेळा ऐकली आहे. विशेषतः दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपवर. त्या सोर्सच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन कॅप्चर मेथड ‘विंडोज १०’वाली निवडा, बहुतेक वेळा चित्र येतं. पैसे भरून बघायच्या चित्रपटांच्या साइटची खिडकी मात्र काळीच राहील. तो बिघाड नाही, मुद्दाम लावलेलं कुलूप आहे.

सेटिंग्जमध्ये आधी दोनच गोष्टींना हात लावा. पहिली, पडद्याचा आकार. आपल्याकडचे बरेच स्वस्त लॅपटॉप १३६६ बाय ७६८चे असतात. अशा पडद्याचं रेकॉर्डिंग १९२० बाय १०८० वर ताणलं तर नवे ठिपके येणार कुठून? अक्षरं धुकट होतात. जेवढा पडदा तेवढंच रेकॉर्डिंग ठेवा. त्यापेक्षा पडद्यावरची अक्षरंच मोठी करा, विंडोजमध्ये स्केल १२५ किंवा १५० टक्के. आमची निम्मी पोरं हे व्हिडिओ सिटी बसमध्ये उभ्याने मोबाइलवर बघतात. टॅलीतला आकडा त्या हाताएवढ्या पडद्यावर वाचता आला पाहिजे, कसोटी ती. फ्रेमचं म्हणाल तर सेकंदाला ३० भरपूर. ६० गेम खेळणाऱ्यांना लागतात.

दुसरी गोष्ट एन्कोडर. चित्र दाबून लहान करायचं काम सहसा मुख्य प्रोसेसर करतो. जुन्या मशीनवर पंखा घरघरायला लागतो आणि ओबीएस खाली ‘एन्कोडिंग ओव्हरलोडेड’ असं सांगतं. इंटेलच्या बऱ्याच चिपमध्ये या कामासाठी वेगळा भाग असतो, क्विकसिंक नावाचा. एनव्हिडियाच्या कार्डात एनव्हेंक (NVENC). एन्कोडरच्या यादीत ते दिसलं तर निवडा. बाकीचे पर्याय सोडून द्या, आयुष्य छोटं आहे.

आता आवाज. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण चित्र थोडं खराब असलं तरी लोक बघतात, आवाज खराब असला की दहाव्या सेकंदाला बंद करतात. मावशीचं पहिलं रेकॉर्डिंग आम्ही एकत्र बसून ऐकलं. “दोन स्पर्शिका एका बाह्य बिंदूतून...” आणि कुकरची शिट्टी. “...त्या स्पर्शिकाखंडांची लांबी...” दुसरी शिट्टी. तिसऱ्या शिट्टीला मावशी चक्क थांबली आणि आतल्या खोलीत ओरडली, “गॅस बारीक कर गं!” हे सगळं स्पष्ट, आणि तिचा स्वतःचा आवाज मात्र विहिरीतून आल्यासारखा. कारण साधं आहे. लॅपटॉपचा माइक तोंडापासून दोन फुटांवर असतो. अंतर वाढलं की आवाज झपाट्याने उतरतो, आणि मग फरशीवरून, भिंतींवरून आदळून आलेला आवाज आणि मूळ आवाज जवळपास बरोबरीला येतात. तो घुमा येतो त्याचं कारण हेच.

यावर उपाय म्हणजे हजारो रुपयांचा माइक नव्हे. मोबाइलबरोबर मिळायचे ते वायरवाले इअरफोन शोधा, कुठल्या तरी खणात असतीलच. त्याचा छोटा माइक तोंडापासून वीतभर येतो. फक्त तो ओढणीला किंवा शर्टाच्या कॉलरला घासू देऊ नका, नाहीतर सगळ्या धड्यात पालापाचोळा तुडवल्यासारखी सळसळ. ब्लूटूथवाले महागडे असले तरी टाळा: त्यांचा माइक चालू झाला की ते ‘फोनवर बोलायच्या’ दर्जावर उतरतात आणि आवाज डब्यात बसल्यासारखा होतो. खोलीही बघा. मोकळ्या फरशीच्या हॉलपेक्षा गाद्या, पडदे, कपाटातले कपडे असलेली खोली बरी. मऊ वस्तू आवाज गिळतात.

ओबीएसच्या ऑडिओ मिक्सरमध्ये हिरवी-पिवळी-लाल पट्टी नाचते. बोलताना ती पिवळ्यात राहिली पाहिजे. हिरव्यातच घुटमळत असेल तर आवाज बारीक, लालमध्ये जाऊन शेवटाला आपटत असेल तर फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. पंख्याची सततची घरघर घालवायची असेल तर माइकवर फिल्टर लावायची सोय आहे. त्यातल्या नॉइज सप्रेशनमध्ये आरएनएन-नॉइज हा पर्याय निवडा. माणसाचा आवाज कोणता आणि गोंगाट कोणता हे नमुन्यांवरून शिकवलेला तो छोटा प्रोग्रॅम आहे. सारख्या घरघरीवर तो उत्तम चालतो. कुकरच्या शिट्टीवर त्याच्या भरवशावर राहू नका. तिथे गॅस बंद करणं हाच फिल्टर.

आणखी एक फसवणूक अशी, की मिक्सरमध्ये ‘डेस्कटॉप ऑडिओ’ आणि ‘माइक’ अशा दोन पट्ट्या असतात. स्पीकर चालू ठेवून दोन्ही घेतलंत तर कॉम्प्युटरचा आवाज एकदा आतून आणि एकदा माइकमधून, असा दोनदा येतो, कणभर मागेपुढे. कानात इअरफोन असले की हा प्रश्नच उरत नाही. कॉम्प्युटरचा आवाज लागतच नसेल तर ती पट्टी म्यूट करा. व्हॉट्सअ‍ॅपची टिंगटिंग त्यातूनच शिरते.

आता माझी मेलेली फाइल. व्हिडिओच्या फाइलमध्ये दोन गोष्टी असतात: भाजी आणि डबा. भाजी म्हणजे दाबलेलं चित्र आणि आवाज. डबा म्हणजे ते भरायची पद्धत. एमपी४, एमकेव्ही ही डब्यांची नावं. एमपी४ची रीत अशी, की सगळं रेकॉर्डिंग झाल्यावर सगळ्यात शेवटी अनुक्रमणिका लिहायची: कोणती फ्रेम फाइलमध्ये कुठे आहे, आवाजाचा कोणता तुकडा कुठे. खतावणी वर्षभर लिहिली आणि पानांचे क्रमांक टाकायच्या आधीच मुनीम उठून गेला, तर पानं आहेत पण कुणाचं खातं कुठे ते कुणालाच सापडत नाही. लाइट गेली तेव्हा माझ्या फाइलचं नेमकं हेच झालं. ४७ मिनिटांचं चित्र आत होतं, अनुक्रमणिका नव्हती. एमकेव्ही मात्र पुढे सरकता सरकता नोंदी करत जातं. मध्येच वीज गेली तरी तिथपर्यंतचा व्हिडिओ चालतो. ओबीएसने मला एमपी४ निवडताना तसा इशाराही दिला होता. मी वाचला नाही.

म्हणून आउटपुटमध्ये एमकेव्ही ठेवा. नव्या आवृत्तीत हायब्रिड एमपी४ असा पर्याय आला आहे, तोही अर्ध्यात वीज गेली तरी तगावा म्हणूनच केलेला. व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा मोबाइलवर पाठवायला साधं एमपी४ लागलं तर ओबीएसच्याच फाइल मेनूत ‘रिमक्स रेकॉर्डिंग्ज’ आहे. भाजी एका डब्यातून दुसऱ्यात ओतायची, परत शिजवायची नाही; म्हणून तासाभराचा व्हिडिओही पटकन होतो आणि दर्जा तसूभरही उतरत नाही. तुमचीही एखादी एमपी४ अशी मेलेली असेल तर लगेच पुसू नका. अनट्रंक नावाचा मुक्त प्रोग्रॅम आहे. त्याला त्याच मशीनवर, त्याच सेटिंगने केलेली एक धडधाकट फाइल दाखवायची. ती बघून तो मेलेल्या फाइलची अनुक्रमणिका पुन्हा बांधायचा प्रयत्न करतो. माझी ४१ मिनिटं अशी परत मिळाली. गेलेल्या सहा मिनिटांत अर्थातच सगळ्यात चांगलं उदाहरण होतं.

राहिलं ते पडद्यावर नको ते दिसण्याचं. आमच्या क्लासच्या एका जुन्या व्हिडिओत मी टॅली उघडतो तेव्हा एका खऱ्या गिऱ्हाइकाच्या उधारीचा आकडा दोन सेकंद दिसतो. कुणी बघितलं नसेल, पण मला रात्री झोप आली नाही. तो व्हिडिओ काढून टाकला. आता शिकवण्यासाठी टॅलीत एक खोटी कंपनी करून ठेवली आहे, खोट्या पार्ट्यांसह. तुम्हीही पूर्ण डिस्प्ले धरण्याऐवजी ओबीएसमध्ये ‘विंडो कॅप्चर’ घ्या, म्हणजे फक्त तेवढीच खिडकी येते. मागचा डेस्कटॉप, बाजूला उघडा व्हॉट्सअ‍ॅप, कोपऱ्यात उगवणारा बँकेचा ओटीपी, काही येत नाही. विंडोजचं ‘डू नॉट डिस्टर्ब’ही चालू करा. आणि ऑनलाइन मीटिंग रेकॉर्ड करणार असाल तर समोरच्यांना आधी सांगा. आपल्याकडे हे सांगायला संकोच वाटतो, पण नंतर कळलं तर जास्त अवघड होतं.

हे सगळं लावून झालं की लगेच धडा सुरू करू नका. दहा सेकंद रेकॉर्ड करा, थांबवा, आणि ती फाइल इअरफोन लावून खरंच उघडून बघा. आवाज आहे? तुमचाच आहे? अक्षरं वाचता येतात? मावशीने एकदा हे टाळलं आणि अर्धा तास माइक म्यूट ठेवून पायथागोरस शिकवला.

नंतरच्या कापाकापीला फार काही लागत नाही. पुढचं-मागचं छाटायला लॉसलेसकट पुरे. ते पुन्हा न शिजवता कापतं, म्हणून झटपट होतं, पण काप नेमका हव्या त्या क्षणी न पडता जवळच्या कीफ्रेमवर पडतो, तेव्हा एखादा सेकंद मागेपुढे धरून चाला. मधले तुकडे जोडायचे, नावं टाकायची तर शॉटकट किंवा केडेनलाइव्ह, दोन्ही मुक्त. चुकलं तर थांबून पुन्हा सुरुवातीपासून बोलू नका: टाळी वाजवा, दोन सेकंद गप्प बसा आणि तेच वाक्य परत म्हणा. कापताना आवाजाच्या रेषेवर टाळीची उभी काडी लांबूनही दिसते, आणि तिच्या अलीकडचं चुकलेलं वाक्य तेवढं उडवायचं.